आठवी मूठ

जळगावला जिल्हापेठेत आमचं घर आहे. पुढं दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, मागं अंगण, अंगणात शेवग्याचं झाड आणि झाडाला लागून एक बुटकी खोली. एवढंच. पण त्या घराच्या पायात माझ्या पाटल्या गेल्यात आणि भिंतींत गोठ. बांधकाम खात्यातल्या कारकुनाच्या बायकोनं घर बांधायचं म्हटल्यावर ती दुसरं काय मोडणार? साठ साली वास्तुशांत झाली आणि अकरा महिने, मोजून अकरा महिने, मी त्या घरात राहिले. एकसष्टच्या जूनमध्ये यांची धुळ्याला बदली झाली. हे ऑर्डर खिशात घालून घरी आले आणि मुकाट पाटावर बसले. मी म्हटलं, "जेवा आता. सगळ्या जिल्ह्याच्या इमारती बांधा, फक्त स्वतःच्या घरात राहू नका."

मी तोंडाची फटकळ आहे. हे आपणच सांगून टाकलेलं बरं.

घर भाड्यानं द्यायचं ठरलं. पण धुळ्यात बसून जळगावच्या घराकडे बघणार कोण? हे म्हणाले, "चुडामणला विचारू."

चुडामणनाना असोद्याचे. घराचं काम चालू होतं तेव्हा सिमेंटच्या गोण्या राखायला आणि भिंतींवर पाणी मारायला ठेवलेले. वय पन्नाशीचं, अंगानं किडकिडीत, बारा महिने एकच बंडी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, शेत भावांच्या वाटण्यांत कुठल्या कुठं गेलेलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. बोलणंही कमी, पण भिंतींशी मात्र त्यांचं सूत जमलेलं. "ही भित लय पानी पेती, वयनी," असं मला सांगायचे, "हिले संध्याकाळी अजून देतो." घराची वीट न् वीट त्यांच्या ओळखीची होती.

मागची बुटकी खोली त्यांना राहायला द्यायची आणि त्यांनी घर सांभाळायचं, असं ठरलं. निघायच्या दिवशी सामान टांग्यात चढलं होतं, माझं डोकं आधीच फिरलेलं. त्यात शेजारणीनं कानात सोडलं की राखणदार ठेवला की तोच मालक होऊन बसतो. मग काय! मी नानांना खोलीच्या दारात उभं करून चार शब्द सुनावले. त्यांनी मान हलवली. काय सुनावलं ते मी पारोळा येईपर्यंत विसरूनही गेले.

भाडेकरू बघायचं काम नानांवरच सोपवलेलं. एक सरकीच्या दलालाचा दिवाणजी तयार होता, भाडंही पाच रुपये जास्त द्यायला कबूल. नानांनी त्याला वाटेला लावलं आणि नगरपालिकेच्या शाळेतले सुकदेव मास्तर ठेवून घेतले. मला कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. पुढं नाना धुळ्याला आले तेव्हा मी त्यांना चहाही न देता विचारलं, "असं काय पाहिलंत हो त्या मास्तरात?"

"दिवाणजी बूट घालून पार चुलीलोक गेला," नाना म्हणाले. "मास्तरनं चपला बाहेर काढल्या. घर रिकामं व्हतं, वयनी. रिकाम्या घराले कोन चपला काढतं?"

"मग? त्या चपलांवर काय मी घरखर्च चालवू?"

नाना हसले आणि पिशवीतून शेवग्याच्या शेंगांची जुडी काढली. ती जुडी मांडीवर घेऊन एस.टी.तून अडीच-तीन तास बसून आले होते. म्हणाले, "झाड तुमचं, शेंगा तुमच्या." नंतर दर वर्षी येत राहिले. मधली दोन वर्षं आम्ही दोंडाईच्याला होतो तर तिथं आगगाडीनं आले. शेंगा आमच्या भाजीबाजारातही ढिगानं मिळायच्या. पण ते मी एकदाही बोलले नाही, आणि माझ्यासारखीनं न बोलणं म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा.

नाना महिन्याला एक कार्ड पाठवायचे. पहिलं कार्ड आलं ते बघून मी चाटच पडले. अक्षर असं की फळ्यावर सुविचार लिहावा. मजकूर असा: "सौ. वहिनींस नमस्कार. घर ठीक आहे. न्हाणीच्या भिंतीला दीड वीत तडा आहे, तो बुजवतो. भाडेकरूंनी पुढच्या खोलीत न विचारता पाच खिळे ठोकले आहेत, हे बरे नाही. चुडामण." आणि खाली बारीक अक्षरात: "खिळे चार आहेत. पाचवा आधीपासून होता, तो आपलाच. — लिहिणार."

मला कळेना, हा लिहिणार कोण उपटला? पुढच्या कार्डात उलगडा झाला. "भाडेकरूंची सासू आली आहे व ती सारखी शेवग्याचा पाला तोडते," आणि खाली, "सासूबाई परवा जात आहेत. — लिहिणार." अहो, भाडेकरूची तक्रार नाना भाडेकरूकडूनच लिहून घेत होते! नाना ओट्यावर बसून सांगणार, मास्तर मांडीवर पाटी ठेवून, पाटीवर कार्ड ठेवून स्वतःच्याच कागाळ्या शुद्ध भाषेत लिहिणार. आणि मी खरमरीत उत्तर धाडणार, तेही मास्तरच मोठ्यानं वाचून दाखवणार. हे आठवडाभर हसत होते. मी कपाळाला हात लावला.

"नाना, गावात दुसरा कोणी लिहिणारा नाही का?" मी त्यांना विचारलं.

"हाये ना. पन तुमच्या घरातली गोष्ट तिसऱ्याले काहून सांगू?"

"अहो, पण ज्याची तक्रार त्याच्याच हातून?"

"मी त्याले तोंडावर सांगतो, तेच लिहाले लावतो. पाठीमांगचं काही नहीच त्यात."

पण घर मात्र नानांनी असं ठेवलं की खुद्द मी राहिले असते तरी ठेवलं नसतं. मृगाच्या आधी दर साली स्वतः वर चढून कौलं चाळायचे. दाराच्या बिजागऱ्यांना तेल. पंधरा दिवसांनी भिंतींवरून हात फिरवून ओल आहे का बघायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर सासुरवाडीला गेले की घर महिनाभर मोकळं असायचं, पण नाना पुढच्या खोलीत एक रात्र झोपले नाहीत. बाहेर शेवग्याखाली बाज टाकायचे.

एक गोष्ट तेवढी मला खटकायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. कुठं कुठं गेलेला माणूस त्या दिवशी आपल्या भाऊकीत परत येतो, मग तो मुंबईच्या गिरणीत असो की सुरतेच्या. आणि नानांचं कार्ड दर वर्षी नेमकं त्याच दिवशी लिहिलेलं असायचं. "आज कानबाई आहे. घर ठीक आहे. चुडामण." असोदा तिथून दोन कोसांवर! मी म्हणायची, हा माणूस एवढासुद्धा घरी जात नाही? घराची एवढी काय राखण? खाली लिहिणारनं कधी काही लिहिलेलं नसायचं.

अशी बारा वर्षं गेली. त्र्याहत्तरच्या जून अखेरीला हे रिटायर होणार होते. धुळ्याचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार, हातात पेन्शन बेताची, दोन्ही मुलगे अजून शिकतायत. डोक्यावर छप्पर म्हणाल तर ते एकच, जळगावचं. आणि त्यात बारा वर्षांचा भाडेकरू. त्या वेळी भाडेकरू निघत नसत, कोर्टात पिढ्या जात. आमच्या धुळ्याच्या शेजारीण सुगंधाबाई भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "घर तुमनं शे, पन कबजा त्याना शे. आते तो निंघाव नही." रात्ररात्र मला त्या पाटल्या दिसायला लागल्या.

शेवटी फेब्रुवारीत मी लिहायला बसले. माझं पत्र म्हणजे काय विचारता! "नाना, जून अखेर घर रिकामं करून पाहिजे. मास्तर गोड बोलतील, तुम्ही भुलाल. बारा वर्षं राहिलेला भाडेकरू घर गिळायलाच बसलेला असतो. त्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर मी येऊन सांगेन." पत्र पेटीत टाकलं, दूध घेतलं, घराच्या पायरीवर पाय ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला. अगं बाई, हे पत्र वाचणार कोण!

मी तशीच पेटीकडे पळाले. पोस्टमन पेटी उघडून टपाल घेऊन गेला होता. घरी येऊन रडले. हे म्हणाले, "मग जळगावला जाऊन ये." मी म्हटलं, "कोणत्या तोंडानं?"

आठ दिवसांनी कार्ड आलं. तेच मोत्यासारखं अक्षर. "पत्र पूर्ण वाचून दाखवले. नाना म्हणतात, समजले. — लिहिणार." आणि खाली आणखी बारीक, "मलाही समजले." बस्स. 'जातो' असं नाही, 'जात नाही' असंही नाही. त्यानंतरच्या कार्डांत फक्त "घर ठीक आहे." मार्च गेला, एप्रिल गेला, दुष्काळाचं साल, नळाला पाणी नाही आणि माझ्या डोळ्याला झोप नाही.

एक जुलैला आम्ही ट्रकमध्ये सामान घालून जळगावला निघालो. मी मनाशी भांडणाची सगळी तयारी करून बसले होते. दारात उतरले आणि बघतच राहिले. घराला नुकताच चुना दिलेला. ओटा धुतलेला. दाराला कुलूप आणि ओट्यावर सुकदेव मास्तर किल्ली घेऊन उभे, चपला खाली काढलेल्या.

"या वहिनी," मास्तर म्हणाले. "आम्ही मेमध्येच दोन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड केलं. जरा अडचणीचं आहे, पण होईल." मी आत गेले. पुढच्या खोलीतले चार खिळे काढून भोकं बुजवलेली होती. पाचवा तसाच होता, आमचा.

"मास्तर, त्या पत्रात मी जे..."

"ती ओळ आली तसा मी अडखळलो. नाना म्हणाले, तेवढी नका वाचू. मी म्हटलं, लिहिलंय तेवढं वाचणार. बारा वर्षं वाचलं, आता काय गाळायचं?" ते हसले. "राग आला होता वहिनी, खोटं कशाला बोलू. चार दिवस नानांशी बोललो नाही. पाचव्या दिवशी नाना म्हणाले, मास्तर, त्या बाईनं हातातलं सोनं मोडून घर बांधलं आणि अकरा महिने राहिली. मग मी खोली शोधायला लागलो."

"आहेत कुठं नाना?" मी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मागं गेले. बुटक्या खोलीचं दार उघडं होतं. आतही चुना दिलेला. बाज नाही, ट्रंक नाही, घोंगडी नाही. खिळ्याला किल्ली अडकवलेली.

मास्तर पाठोपाठ आले. "परवा असोद्याला गेले. मी पुष्कळ सांगितलं. म्हणाले, वयनीशी बोलणं झालेलं आहे."

"माझ्याशी? काय बोलणं?"

"एकसष्ट साली. तुम्ही म्हणाला होतात, आम्ही परत येऊ त्या दिवशी खोली रिकामी पाहिजे, नंतर कटकट नको."

त्याच दारात मी त्यांना उभं करून सुनावलं होतं. टांगा, उन्हातलं सामान, मान हलवणारे नाना, सगळं डोळ्यापुढं आलं. बोलणारी मी, विसरणारीही मीच. आणि त्या माणसानं ते बारा वर्षं जपलं. मास्तरांना माझ्यासाठी बाहेर काढत होता, तेव्हा त्याला ठाऊक होतं की पाठोपाठ आपलीही ट्रंक उचलायची आहे. मेली माझी जीभ!

सामान तसंच ठेवून मी दुसऱ्या दिवशी असोदा गाठलं. नाना पुतण्याच्या, नथ्थूच्या, गोठ्यात बसले होते. केळीच्या वाळल्या सोपटाचे बांधायचे बंद सोलत होते. ट्रंक गव्हाणीशेजारी.

"उठा," मी म्हटलं. "चला घरी."

"काम संपलं, वयनी. मालक आले, आता राखनदाराचं तिथं काय?"

"मी बोलले ते मी परत घेते."

"असं कसं? बोलनं झालं ना आपलं." चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. तीच मोठी पंचाईत. रुसलेल्या माणसाला मनवता येतं. मी रागावले, पाया पडायला वाकले, तर ते उठून गोठ्याबाहेर गेले. "पावना म्हनून येईन," एवढंच म्हणाले.

मी परत निघाले तेव्हा नथ्थूची बायको लताबाई मला पोचवायला पांदीपर्यंत आली. मी तिच्यावरच घसरले, "कानबाईलासुद्धा तुम्ही यांना कधी बोलवत नाही का गं?"

ती खाली बघत म्हणाली, "काय सांगू, मावशी. वाटन्या झाल्या तवा यांची मूठ कोन्या घरात धरावी ते ठरलंच नही. तिघं भाऊ एकमेकांकडं बघत राह्यले. मंग राहूनच गेलं."

आता हे मूठ धरणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. कानबाईच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात ना, त्याचा गहू मोजून घेतात. आमच्याकडं घरातल्या एकेका पुरुषामागं सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही धरायची, परदेशी गेलेल्याचीही धरायची. ते रोट भाऊकीबाहेर द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. ज्याची मूठ धरली तो घरचा. ज्याची नाही धरली, तो त्या दिवशी कुठं जाणार? "आज कानबाई आहे. घर ठीक आहे." अशी बारा कार्डं माझ्या ट्रंकेत पडलेली होती. येताना एस.टी.त मी पदर तोंडावर घेऊन रडले, कंडक्टर बघत होता तरी रडले.

आमची कानबाई आजवर मोठ्या दिरांकडे बसायची. त्या साली ते म्हणाले, "तुमचं घर हाती आलं, या वर्षी तुमच्याकडं बसू दे." शुक्रवारी सगळी मंडळी जमली. मी सुपात गहू घेतला आणि देवापुढं मोजायला बसले. मोठे दीर, त्यांचे तीन मुलगे, आमचे हे, माझे दोघं. सात झाल्या. मी थांबले नाही. आठवी भरून घेतली, वर पाव मूठ टाकली.

यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे त्यांना कळलं होतं. मोठ्या दिरांपुढं मी जन्मात मान वर केली नव्हती. त्यांनी विचारलं, "ही आठवी कोणाची?"

"चुडामणभाऊजींची," मी म्हटलं. "बारा वर्षं हे घर त्यांनी राखलं. त्यांची मूठ या घरात नाही तर कुठं धरायची? आणि भाऊजी, चालत नसेल तर आमच्या यांची कमी करा. ते तसेही कमी खातात."

दिरांनी सुपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "सव्वा नीट भरली का? तुझी मूठ लहान आहे."

मग मी कागद घेतला. "नाना, तुमच्या नावाची सव्वा मूठ धरली आहे आणि दळूनही झाली आहे. जात्यातलं पीठ मागं फिरत नाही. तुमचा रोट दुसऱ्या कोणाला खाता येणार नाही. नाही आलात तर कानबाईला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मी सांगणार नाही." पत्र मास्तरांच्या हातात दिलं. म्हटलं, "तुमचंच काम आहे हे. जा, वाचून दाखवा." मास्तरांनी तिथंच वाचलं, सायकल काढली आणि गेले.

रविवारी कानबाई बसली. रात्रभर गाणी झाली, नाना आले नाहीत. मी दर थोड्या वेळानं ओट्यावर जाऊन येत होते. सोमवारी कानबाई शिरवून, म्हणजे विसर्जन करून, आम्ही परतलो, तर दारात सायकल टेकवलेली आणि नाना मास्तरांबरोबर खाली रस्त्यावर उभे. अंगात नवी बंडी. "दोन दिवस विचारच करत होते," मास्तर माझ्या कानाशी म्हणाले. "तीन वेळा वाचायला लावलं पत्र."

नानांनी चपला काढल्या आणि पुरुषांच्या पंगतीत दिरांशेजारी जाऊन बसले. मी रोट वाढला. त्यांनी तुकडा मोडला आणि हातातच धरून बसले.

"खा, चुडामण," दीर म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत तुझा वाटा तुलाच संपवायचाय. आम्ही हात लावणार नाही."

"रोट खाऊन एकवीस वर्सं झाली," नाना म्हणाले. मग तोंडात घातला.

जेवणं झाल्यावर मी त्यांना मागं घेऊन गेले. किल्ली खिळ्यालाच होती, मी कोणाला हात लावू दिला नव्हता. नाना दारात थांबले. त्याच दारात.

"वयनी, आता कधीपावेतो?"

"पुढच्या कानबाईचा गहू तुम्ही निवडायचाय," मी म्हटलं. "मला हल्ली खडे दिसत नाहीत."

नानांनी मान हलवली, आत गेले आणि भिंतीवरून हात फिरवून ओल आहे का ते बघू लागले.